सगळ्यांचा तांब्या

परतूरच्या कापूस बाजारामागच्या गल्लीला कुणी चांगलं म्हणावं, असा प्रसंग निजाम सरकारच्या राज्यात तरी कधी आला नव्हता. त्यामुळं आष्टीच्या भुजंगरावांनी बद्रीनाथच्या किराणा दुकानापुढं उभं राहून विचारलं, "गल्ली कशी हाय हो? पोरीला बिनघोर ठेवावं का इथं?" तेव्हा अख्खी गल्ली चुली सोडून धावली. एरवी आग लागली तरी इतकी जल्दी कुणी निघत नसे.

भुजंगरावांचा जावई स्टेशनावर नवाच लागलेला. त्याची पाळी रात्रीची, आणि पोर दोन जिवांची. द्वारकाबाईच्या भिंतीला लागून असलेलं रिकामं घर त्यांना पसंत पडलं होतं. ते भरावं म्हणून द्वारकाबाई देवाला हात जोडून होती. नवरा देवाघरी, मुलगा जालन्याला. आषाढात ती तापानं फणफणली तेव्हा तिनं त्या भिंतीला हाका मारल्या होत्या. भिंत मोठी गुणाची, उलटून एक शब्द बोलली नाही. तिला भिंतीपलीकडं एक माणूस पाहिजे होतं, बस्स.

"चोरीचं नाव न्हाई आमच्यात," बद्रीनाथ छाती फुगवून म्हणाला. "रात्रीबी दारं सताड उघडी!"

"कड्याच गेल्या ना चोरीला," लालमियाँ टांगेवाला बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "म्हंजी, गंजून गेल्या साहब. बिलकुल सलामत जगा है."

"अन् भांडणं?"

"छ्या!" बद्रीनाथ म्हणाला. "ह्या समोरच्या सोनूबाईशी मी पाच वर्षं बोलतच न्हाई. मंग भांडण कुठलं?"

"मी तरी कुठं बोलते, मापात मारणाऱ्या मेल्याशी!" सोनूबाई कडाडली. मग पाहुणा आठवून गोड हसली. "थट्टा करून राह्यलो दादा आम्ही. एका ताटात जेवणारी माणसं. कुणाच्या चुलीवर काय शिजतं, सगळ्यांना ठावं."

शिजतं ते ठावं, आजारी कोण ते मात्र ठावं न्हाई, असं द्वारकाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं ते गिळलं आणि मान डोलावली.

आता माया दाखवायची म्हणून सोनूबाई घरात गेली आणि पाहुण्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. तांब्या पाहिला आणि द्वारकाबाई दोन पावलं पुढं सरकली. तो तिचाच! नवऱ्यानं हौसेनं घेतलेला, तिचं नाव कोरून आणलेला. दिवाळीनंतर तो नाहीसा झाला होता. शोधायला सगळ्यात पुढं सोनूबाईच होती. बिचारी विहिरीतसुद्धा वाकून बघत होती. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते काय उगीच नाही.

भुजंगराव चार बुकं शिकलेले. घोट घेता घेता त्यांनी अक्षरं वाचली. "द्वारकाबाई. ह्या कोण?"

गल्ली एकदम सोज्वळ झाली. बद्रीनाथ रिकामाच तराजू तोलायला लागला, लालमियाँ घोड्याची मान खाजवायला लागला. सोनूबाईला आभाळात काहीतरी दिसलं.

तांब्या माझा, चोरीला गेल्ता, एवढं म्हटलं की पाहुणा तडक स्टेशनाकडं जाणार आणि शेजारचं घर तसंच रिकामं राहणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"मीच ती," द्वारकाबाई म्हणाली. "आमच्याकडं भांड्यावर नाव एकाचं असतं दादा. भांडं सगळ्यांचं."

गल्लीनं श्वास सोडला. सोनूबाईनं तर पदरानं डोळेही पुसले, निर्लज्ज कुठली!

"बराबर," भुजंगराव म्हणाले आणि त्यांनी तांब्या परत दिला. तो घेऊन सोनूबाई आपल्याच घरात शिरली. जाता जाता द्वारकाबाईच्या कानाशी पुटपुटली, "आता पाव्हण्यापुढं तूच म्हणलीस हां, सगळ्यांचं."

द्वारकाबाईच्या मनात आलं, हिच्या झिंज्या उपटाव्यात. रडूही येत होतं. तशीच ती पाहुण्याला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली.

तिथं भुजंगराव थांबले. मागं कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "गल्ली कळली मला बाई, अन् तुम्हीबी कळल्या. पोर बुधवारी येईल. संगं भांडी मात्र मी मातीचीच देतो."

द्वारकाबाईचे कान तापले.

"मातीचीच द्या दादा," ती म्हणाली. "पण पोरीला नक्की धाडा."