सायीखालची वाइन

शनिवारी बेल्जियमहून येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवायचं, हे ठरवायला ग्रेग्वार मांद्रियों पेरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. तिने कापून ठेवलेलं कोंते चीज तो बोलता बोलता संपवत होता. गावच्या पर्यटन समितीचा तो अध्यक्ष. शाळेत तो पेरीनच्या मागच्या बाकावर बसून तिची गणितं उतरवायचा. त्यामुळे त्याचं अध्यक्षपण तिने कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

"सकाळी सहकारी संस्थेचं नवं दालन," तो म्हणाला. "मग चर्च. मग कड्यावरून दरी आणि धबधबा. चर्च आणि कड्याच्या मध्ये तुझं तळघर. तेवढ्या भिंती मात्र धुऊन घे."

"कशाला?"

"काळ्याकुट्ट आहेत म्हणून. बुरशी आहे ती. लोक फोटो काढतात हल्ली."

"माझे आजोबा जन्मले तेव्हाही होती. वाइनच्या वाफेवर जगते बिचारी. चावत नाही कुणाला."

"आणि मधली पिंपं भिंतीकडे सरकव. टेबलं मावली पाहिजेत. दिवे मी पाठवतो."

पेरीनने सुरी खाली ठेवली. ज्युरात, या पिवळ्या वाइनच्या मुलखात, वाढलेल्या माणसाने हे बोलावं, याचंच तिला नवल वाटलं. पिवळी वाइन पिंपात घातली की तिला हात लावायचा नसतो. ती हळूहळू उडत जाते, पिंप वरून रिकामं होत जातं, आणि त्या रिकाम्या जागेत वाइनवर दुधावर यावी तशी साय धरते. ही साय जिवंत असते. तिच्याखाली सहा वर्षं तीन महिने पडून राहिल्यावर वाइनला पिवळा रंग चढतो आणि अक्रोडाचा वास येतो. धक्का लागला की साय फाटते, बुडते, आणि मग वाइन आंबायला वेळ लागत नाही. पेरीनच्या घरात तळघराचं दारसुद्धा कुणी आपटत नसे.

"पिंपं हलणार नाहीत," ती म्हणाली. "भिंतीही धुणार नाही. आहे तसं दाखव."

"मग पाहुण्यांना द्यायच्या नकाशात घेता येणार नाही, पेरीन. उद्या छापायला जातोय."

गावात घरचं तळघर आता हे एकच उरलं होतं. बाकीच्यांची द्राक्षं संस्थेत जात, आणि तिथे पिवळ्या वाइनच्या बुटक्या बाटल्या काचेआड मांडलेल्या असत, शेजारी पडद्यावर चित्रफीत. नकाशातून एकदा नाव गेलं की पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही, हे पेरीनला पक्कं माहीत होतं.

ती उत्तर देणार तोच तळघराच्या जिन्यावरून तिचा जावई बास्तियाँ वर आला. बाह्या भिजलेल्या, चेहरा खुशीत.

"आई, दाराजवळचं पिंप राहून गेलं होतं तुमच्या हातून. केवढं खाली गेलं होतं. पांढऱ्या वाइनने पार बुचापर्यंत भरून टाकलं."

बास्तियाँ शेजारच्या बर्गंडी प्रांतातला. तिकडे पिंपात रिकामी जागा राहू देणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. पेरीनकडेही साध्या पांढऱ्या वाइनची काही पिंपं होती, दर आठवड्याला काठोकाठ भरायची, आणि ते काम याच आठवड्यापासून त्याच्याकडे आलं होतं. त्याच रांगेच्या टोकाला, पिवळीची रांग सुरू होते तिथे, दाराजवळ, पिवळीचं एक पिंप होतं. त्यावर खूण करायची गरज पेरीनला कधी वाटली नव्हती. तिला ठाऊक होतं ना.

"बर्गंडीचा जावई," ग्रेग्वार म्हणाला आणि हसू लागला. "अरे बाबा, सासूची साय बुडवलीस तू."

बास्तियाँचे कान लाल झाले. "ते पिवळीचं होतं?"

तिघंही खाली गेले. पेरीनने बूच काढून आत दिवा धरला. वाइन काठोकाठ होती आणि तिच्यावर राखाडी चिंध्या तरंगत होत्या. पाच वर्षांची साय. तिने बुडाजवळची खुंटी काढून थोडी वाइन पेल्यात घेतली, हुंगली, प्यायली. अक्रोड होता अजून, पण पातळ. वर कोवळ्या वाइनचा आंबटपणा.

"आई, मी..."

"गप्प बस जरा. चव घेतेय."

"हे मागे ढकलून टाक," ग्रेग्वार म्हणाला. "वर काहीतरी घाल. बाहेर कळलं तर गावाची शोभा होईल."

"हलणार नाही म्हटलं ना. बुडलेलंसुद्धा नाही हलणार."

"हट्टीपणा झाला हा."

"असेल." तिने पेला खाली ठेवला. "शनिवारी हे पिंप इथेच राहील, बूच काढून. शेजारी साय धरलेलं. दोन्हीतली वाइन लोकांना द्यायची, आणि काय झालं ते बास्तियाँ सांगेल."

"मी?" बास्तियाँ म्हणाला.

"ओतली कुणी?"

"तुमच्या गावासमोर मला उभं करताय, आई."

"पाहुण्यांसमोर. गावाला तर ग्रेग्वार आज संध्याकाळीच सांगेल."

ग्रेग्वारने ते नाकारलं नाही. "पण नकाशात तळघर नाही," तो म्हणाला.

"नको घेऊस. चर्चकडून कड्याकडे जायला रस्ता एकच आहे. माझ्या दारावरूनच न्यावं लागेल तुला त्यांना."

"मी थांबू देणार नाही."

"बघू."

शनिवारी पेरीनने तळघराचं रस्त्याकडचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याबाहेर पिवळ्या वाइनचा रुंद तोंडाचा घडा ठेवला. वारा दरीकडून येत होता; वास थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेला असणार, कारण मंडळी वळणावरूनच माना वर करून येत होती. पुढे ग्रेग्वार, हातात उंच धरलेली छत्री.

"पुढे चला, पुढे. कड्यावरचं ऊन जाईल," तो म्हणत होता.

एक जाडजूड बाई घड्यापाशी थांबली. "हा वास कसला हो? अक्रोड भाजताय का?"

बास्तियाँ दारात उभा होता. पेरीनने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो खाकरला.

"वाइन आहे ती," तो म्हणाला. "आत या. मी एक पिंप बुडवलंय, ते बघायला या. मी बर्गंडीचा आहे."

कुणीतरी हसलं. बाई आत शिरली, मागून तिचा नवरा, मग बाकीचे एकेक. काळ्या भिंतींवरून एकाने बोट फिरवलं आणि बोट हुंगलं. बास्तियाँने आधी बुडलेल्या पिंपावर दिवा धरला, मग शेजारच्यावर, जिथे साय अखंड होती, सुरकुतलेली. त्याचे कान अजून लाल होते, पण आवाज आता अडखळत नव्हता. "हात लावू नका," तो म्हणाला, अगदी पेरीनच्या सुरात.

पेरीन खुंटी काढून पेले भरत होती. रस्त्यावर आता फक्त छत्री उरली होती. काही वेळाने तीही मिटली आणि जिन्यावर पावलं वाजली.

"ग्रेग्वार," पेरीन मान वर न करता म्हणाली, "दार हळू लाव."

त्याने ते हळूच लावलं.