पेंटरची दाढी

‘‘मान हलवू नकोस,’’ मी म्हणालो.

‘‘मान नाही हलत, डॉक्टर. हात हलतायत. मान नुसती बघतेय.’’

मी डॉक्टर नाही. सलूनमध्ये पांढरा कोट घालतो, एवढाच पुरावा. तो मात्र खरोखरचा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सकाळी पहिला घोट पोटात जाईपर्यंत त्याचे हात असे थरथरायचे, की वस्तरा दिला असता तर एक कान बेसिनमध्येच राहिला असता. म्हणून रोज शटर अर्धं वर करून आधी त्याची दाढी. हल्ली पाट्यांवरची अक्षरंही थरथरू लागली होती. बर्फाच्या कारखान्याने तेवढं कौतुक केलं. त्यांना वाटलं, मुद्दाम गारठवलीत. बाकीच्यांनी काम काढून घेतलं.

रस्त्यात मित्राच्या गालावर हात ठेवून उभं राहिलं तर लोक थांबून बघतात. त्यालाच खुर्चीत बसवून गळ्याला टॉवेल बांधला की कुणी काही विचारत नाही. या धंद्यात कसा आलास, असं विचारलं तर मी सांगतो, वडिलांचं दुकान होतं. ते खरंच आहे. फक्त वडील कुणाची दाढी इतकी हळू करत नसत.

त्या दिवशी मी टॉवेल पिळायला वळलो आणि त्याने आफ्टरशेव्हची बाटली तोंडाला लावली.

‘‘कसं आहे?’’ मी विचारलं.

‘‘लिंबू जास्त झालंय.’’

आम्ही दोघंही हसलो. मग तो बेसिनमध्ये ओकला. त्यात रक्त होतं. कशावर हसत होतो तेच आठवेना.

दुपारी त्याची ताई दुकानात आली. पुरुषांच्या सलूनमध्ये बाई उभी राहिली की सगळी गिऱ्हाइकं एकदम पेपर वाचू लागतात.

‘‘व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळतेय,’’ ताई म्हणाली. ‘‘माझं ऐकत नाही. तू सांग.’’

‘‘बरा झाला की हात थांबतील ना त्याचे?’’

‘‘मग? तेच तर हवंय.’’ तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘तुला नकोय?’’

‘‘हवंय की.’’

दुसऱ्या दिवशी अर्धी दाढी झाल्यावर मी वस्तरा खाली ठेवला.

‘‘केंद्रात जातोस, की असाच फिरतोस?’’

त्याने आरशात पाहिलं. एक गाल साहेबाचा, एक गाल भुताचा.

‘‘हा शुद्ध छळ आहे, डॉक्टर.’’

‘‘आहेच.’’

त्याने गालावरचा फेस बोटाने टिपला. ‘‘जातो. भेटायला येशील?’’

‘‘तिथे वस्तरा आत नेऊ देत नाहीत.’’

‘‘मग वस्तऱ्याशिवाय ये.’’

ते कसं जमतं, मला माहीत नव्हतं. मी गेलो नाही.

त्यानंतर दुकानात मन लागेना. सारखा खुर्च्या पुसायचो, धार लावलेल्यालाच धार लावायचो. एका काकांची नुसती कोरायची मिशी मी पूर्ण उडवली. काका दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, घरी पाहुणा समजून आग्रहाने जेवायला वाढलं. पुढच्या वेळीही अशीच कर.

पेंटर सुटून येणार, असं ताईने कळवलं. त्या सकाळी मी शटर अर्धंच वर केलं आणि वाटीत फेस करून ठेवला. तो वाकून आत आला. गाल भरले होते. दाढी केलेली होती.

‘‘स्वतः केली,’’ तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढे धरले. ‘‘बघ.’’

हात शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे उभे होते.

‘‘कुठे राहिली का रे?’’

डाव्या कानाखाली राहिली होती. तिथे त्याचे केस उलटे वाढतात. माझा हात निम्म्यापर्यंत गेला. तिथूनच वळवून मी कंगवा उचलला.

‘‘नाही. झकास झालीय.’’

‘‘चल, निघतो. शाळेची पाटी आहे. अक्षरं सरळ पाहिजेत म्हणे.’’ जाताना त्याने शटर पूर्ण वर ढकललं.

वाटीतला फेस बसू लागला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला केस कापायचे होते. बसा जरा, म्हणालो, आणि फेस वाया नको म्हणून स्वतःच्या गालांना लावला.

‘‘तुमची तर झालेली दिसतेय,’’ गिऱ्हाईक म्हणालं.

‘‘हो,’’ मी म्हणालो आणि वस्तरा उघडला.