जाणारा धागा लाल, परतीचा निळा

शनिवारी, १२ जुलै २०१४ रोजी सकाळी सव्वादहाला, धारवाडच्या मालमड्डीत नीलगंगा हिरेमठ यांच्या घरचा संगणक तिसऱ्यांदा अडकला. पडद्यावर अर्धे गोपुर होते आणि बाण जागचा हलत नव्हता.

बंगळूरच्या एका हस्तकला प्रदर्शनाने कसुती भरतकामाच्या बारा नक्ष्या संगणकावर काढून मागवल्या होत्या. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचची. आकृती जो पाठवील त्याचे नाव पुस्तिकेत रचनाकार म्हणून छापणार होते. मुदत चुकली तर त्यांचा चित्रकार नीलगंगांनी भरलेल्या साडीवरून नक्षी उतरवून घेईल आणि नाव त्याचे लागेल. नीलगंगा फक्त कारागीर. बारांतल्या सात नक्ष्या त्यांनी स्वतः बसवल्या होत्या, बाकीच्या पाच पिढीजात. कागदावर मात्र एकही नव्हती. कसुती कापडावर आखत नाहीत, धागे मोजून भरतात.

"अक्का, मशीन म्हातारं झालंय," दुरुस्तीला बोलावलेला मकबूल म्हणाला. त्याचे लाइन बाजारात संगणकाचे दुकान आहे. "हा प्रोग्राम पेलायचा तर नवं घ्या."

"मशीन राहू दे. प्रोग्राम बदल."

दुसरा अठराशे रुपयांचा होता. तो चालला. नीलगंगांनी गोपुराच्या पायऱ्या काढल्या. प्रोग्रामने त्यांचे कोपरे आपणहून घासून गोल केले.

"बघा, कसं गुळगुळीत!"

"पायऱ्या कुठे गेल्या रे? देवळाला घसरगुंडी लावायचीय का?"

दारात मेथी निवडत बसलेल्या थोरल्या जाऊबाई गिरिजव्वा खो खो हसल्या. "लाव गं. देव तरी लवकर खाली येईल."

तिसरा काढताना मकबूल ओशाळला. "अडीचशेचा आहे. खेळांतली चित्रं काढायला वापरतात. तुमच्या कामाला द्यायला लाज वाटते."

पडद्यावर चौकोनांची जाळी आली. नीलगंगा खुर्चीत सरसावल्या. वीस मिनिटांत गोपुर उभे राहिले, सगळ्या पायऱ्यांसकट.

"आता उलटी बाजू दाखव."

"चित्राला उलटी बाजू नसते, अक्का."

"मग गाठी कुठे लपवल्यात ते कळायचं कसं?" गिरिजव्वांनी विचारले.

कसुती हातात आली की धारवाडची बाई आधी ती उलटी करते. गाठ चालत नाही. धागा एक टाका सोडून एक टाका घालत जातो, परतताना मोकळ्या जागा भरतो आणि निघाला तिथेच येऊन संपतो. मकबूलने थोडा विचार करून चित्रावर दुसरा पारदर्शक थर चढवला. नीलगंगांनी खालच्या थरावर जाणारा धागा लाल रंगात भरला आणि वरच्या थरावर परतीचा निळ्यात. एक थर झाकला की तुटक तुटक गोपुर, दोन्ही उघडले की पुरे.

"हाच घेते," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी चौथ्या नक्षीत, पालखीत, निळा धागा घरी पोचेना. कापडावरच्या सवयीने त्यांनी चौकोनांऐवजी मधल्या रेघा मोजल्या होत्या, आणि दर ओळीत एक चौकोन वाढला होता. तिसऱ्या नक्षीतही तेच निघाले.

"कोण मोजणार आहे तिकडे?" मकबूल म्हणाला.

"मी मोजलंय ना." दोन्ही नक्ष्या त्यांनी पुसल्या आणि पहिल्यापासून काढल्या.

सोमवारी दुपारी तीन पन्नासला बारा आकृत्या मकबूलच्या दुकानातून रवाना झाल्या. संध्याकाळी गिरिजव्वांनी गल्लीतल्या चार बायकांना बोलावून संगणकापुढे बसवले. "अठ्ठावन्नाव्या वर्षी केलंय हो हिनं. उलटी बाजूसुद्धा आहे. नीला, ते निळं झाकून दाखव जरा." नीलगंगांनी एकेक नक्षी दोनदा दाखवली. दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

मंगळवारी अकराला बंगळूरहून फोन आला. आकृत्या मिळाल्या होत्या. असे धाग्याचे मार्ग आजवर कुणी पाठवले नव्हते. फोनवरच्या बाईंना एवढेच हवे होते की नक्षी कुणाची आणि हे लाल-निळे मार्ग कुणी आखले. दोन नावे छापायची का?

"एकच," नीलगंगा म्हणाल्या, आणि अक्षरे सुटी सुटी करून आपले नाव सांगितले.

पुस्तिकेत रचनाकाराशेजारी कारागिराचा वेगळा रकाना होता; त्याचे काय करायचे हे वरिष्ठांना विचारून कळवतो, असे उत्तर मिळाले. त्या रकान्यापायी गुरुवारी संध्याकाळपर्यंत पुस्तिका छपाईला गेलेली नव्हती.