भरल्या गाडीची परीक्षा

नंदनवन वस्तीतल्या अरुंद गल्लीत अश्विन ढोबळेचं मोठं स्वयंपाकघर होतं. बुटीबोरीच्या दोन कारखान्यांतल्या कामगारांचं दुपारचं जेवण रोज इथून जाई. डबे चढेपर्यंत डिझेलची मोठी व्हॅन दारातच घरघरत उभी राही. जुनी गाडी, एकदा बंद केली की लवकर चालू होत नसे. धूर खिडकीतून थेट चुलींपर्यंत येई. पोळ्या लाटणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून काम करत. आपल्यापैकी कुणाच्या गल्लीत असं दृश्य नाही?

एका सकाळी पोळ्यांवरच्या तुळसाबाई खोकता खोकता खालीच बसल्या. त्यांना बोलताही येईना. अश्विनने पाणी दिलं, पंखा लावला. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास ठिकाणावर आला.

"मले जमून नाही राहिलं आता," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं धुरापासून दूर राहायले सांगितलं. उद्यापासून मी येत नाही, दादा."

"चार दिवस आराम करा, बरं वाटेल," अश्विन म्हणाला.

त्याची थोरली बहीण आणि धंद्यातली भागीदार यमुताई तिथंच भाजी चाखत होती. "आरामानं काय होते? बाई बरी होऊन येईल अन् गाडी तिथंच धूर सोडत राहील. बॅटरीची व्हॅन पाहू म्हणून मी कधीची सांगून राहिली."

"ताई, मे महिन्याचं ऊन, वर्धा रोडची गर्दी, अन् एवढं वजन! मधात बंद पडली तर सारे कामगार उपाशी राहतील. सगळेच म्हणतात, मोठी गाडी बॅटरीवर चालत नाही."

"सगळ्यांनी चालवून पाहिली का? मीठ चाखल्याशिवाय तू भाजी गाडीत चढवू देत नाही. मंग गाडी काहून ऐकीव गोष्टीवर नाकारून राहिला गा? अन् परवडते का ते पाहताना डिझेल पाहतो, टायर पाहतो. तुळसाबाईचा दम कोण पाहील?"

त्याच दुपारी अश्विननं बॅटरीच्या व्हॅनच्या विक्रेत्याला फोन केला. विक्रेता रिकाम्या गाडीची चक्कर मारून दाखवायला तयार होता.

"रिकामी नको," अश्विन म्हणाला. "पूर्ण भरून, आमच्याच रस्त्यानं, भर उन्हात नेऊ. अन् एसीही चालू ठेवू, म्हणजे बॅटरीचा खरा कस लागेल."

ठरल्या दिवशी व्हॅन काठोकाठ भरली. मागून सोबतीला डिझेलची गाडी ठेवली. चालक ताराचंदच्या शेजारी अश्विन बसला. खापरीजवळ ट्रकांची रांग लागली. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागला. डिझेलची गाडी मागे आहे ना, हे अश्विननं वळून पाहिलं. पुढे उड्डाणपुलाचा चढ आला.

"आता पाहा भाऊ," ताराचंद म्हणाला. त्यानं पाय दाबला आणि भरलेली गाडी आवाज न करता चढून गेली!

वेळेच्या आत व्हॅन कारखान्याच्या फाटकात उभी राहिली. डब्याचं झाकण उघडलं, वरणातून वाफ निघाली. परत गल्लीत आले तेव्हाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती.

सगळंच गोड निघालं नाही. गाडी चार्ज करायला स्वयंपाकघराला विजेची मोठी जोडणी घ्यावी लागणार होती. चंद्रपूरकडच्या लग्नांना ही गाडी पुरणार नव्हती. शिवाय तिची चाहूल लागत नाही, म्हणून गल्लीत मागे घेताना एकानं खाली उतरून पाहणं गरजेचं होतं. अश्विननं सारं तपासलं आणि ठरवलं. रोजच्या फेरीला बॅटरीची व्हॅन. जुनी दुरुस्त करून फक्त लांबच्या कामाला, तीही गल्लीबाहेरच उभी करायची.

नवी गाडी आली तेव्हा तो स्वतः तुळसाबाईंच्या घरी गेला.

"तुमचा खोकला रोज ऐकत होतो, पण मनावर घेतला नाही. चुकलं माझं. या, आता दारात धूर नाही."

त्या आल्या. त्या सकाळी डबे चढत होते आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बाया एकमेकींशी ओरडून नव्हे, साध्या आवाजात बोलत होत्या. अश्विनच्या छातीवरचं ओझं उतरलं.

बंधुभगिनींनो, नवी वस्तू आंधळेपणानं घेऊ नका, आणि भीतीपोटी नाकारूही नका. आपल्या कामाच्या वजनानं, आपल्याच रस्त्यावर तिची पारख करा. आणि धंद्याचा फायदा मोजताना, आपला धूर कुणाच्या छातीत जातो, तेही मोजा!