दाराकडची बाजू

ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात रात्रपाळीला होती आणि नवरा बसच्या आगारात मेकॅनिक, पहिल्या पाळीला. ती सकाळी घरी यायची तेव्हा तो नुकताच बाहेर पडत असायचा. जिन्यात गाठ पडली तर, "डबा घेतलात ना?" "घेतला. तू झोप आता." एवढाच त्यांचा संसार. लेक आतल्या खोलीत झोपलेली असायची. मग पडदे ओढून ती पलंगावर अंग टाकायची. दाराकडच्या बाजूला, जिथून तो उठून गेलेला असायचा, तिथे ऊब शिल्लक असायची. त्या उबेत शिरलं की डोळा लागायचा तो थेट दुपारी उघडायचा.

एक दिवस तो आगारातच, गाडीखाली काम करता करता गेला. हृदय बंद पडलं म्हणाले.

रजा संपल्यावर ती कामावर जाऊ लागली, पण झोप काही येईना. पलंग गारठलेला. खालचे हॉर्न, वरच्यांचं खुर्च्या ओढणं, सगळं कानात शिरायचं. एकदा इस्त्रीच्या रोलरपाशी तिला उभ्या उभ्याच डुलकी लागली. मुकादमबाईंनी मनगट धरून मागे ओढलं, नाहीतर चादरीबरोबर हातही आत गेला असता.

"घरी झोपत नाहीस का गं?"

"पडून असते, बाई."

"पडणं वेगळं. असं चाललं तर एक दिवस जिवावर बेतेल."

त्या सकाळी ती घरी येऊन आडवी झाली आणि दचकून उठून बसली. दाराकडची बाजू उबदार होती. अगदी पूर्वीसारखी.

तिच्या अंगावर काटा आला. पण इतक्या दिवसांच्या जागरणापुढे भीती कुठवर टिकणार? ती त्याच जागी कुशीवर वळली आणि झोपली. मग हे रोजचंच झालं. पाळी सुटली की कुणाशी न बोलता ती घर गाठायची, ऊब जायच्या आत. डोळे मिटताना उशीशी चार शब्द बोलायची.

एकदा लेकीला सुट्टी होती तेव्हा तिने ते ऐकलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती.

"कुणाशी बोलत होतीस, आई?"

"तुझ्या बाबांशी."

लेक पलंगाच्या कडेला बसली.

"आई, रात्री इथे मी झोपते. आतल्या खोलीत एकटीला झोप येत नाही. तू यायच्या आधी उठून चादर नीट करते. सांगायची लाज वाटली."

आईला वाटलं, माणूस आज दुसऱ्यांदा गेला. तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "लाज कसली? झोप, तुझ्या बापाचीच जागा आहे."

"नाही गं. मी भिंतीकडे झोपते. दाराकडे बाबा झोपायचे, तिथे कशी झोपेन?"

आईचा हात थांबला. लेकीने दाराकडच्या चादरीवर तळवा टेकवला आणि लगेच उचलून मुठीत मिटला.

दुसऱ्याच दिवशी तिने मुकादमबाईंकडे दिवसपाळी मागून घेतली. पहिल्या रात्री मायलेकी भिंतीकडे एकमेकींना चिकटून झोपल्या.

"आई, सरक की थोडी. केवढी जागा आहे तिकडे."

"असू दे."

लेकीचा श्वास संथ झाला, मग तिलाही झोप लागली. मध्ये जाग आली नाही. सकाळी उठल्यावर दोघी दाराकडच्या बाजूला हात न लावता, अंथरूण तसंच टाकून, घाईघाईने आपापल्या कामाला निघाल्या.