अकरा नंबरची वही

चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर. तंजावूरच्या एका कॉलेजात, गणित विभागाच्या खोलीत, तिघांची समिती तिसऱ्यांदा बसली होती. एका विश्वस्त संस्थेनं उपयोजित गणिताचं पारितोषिक नव्यानंच सुरू केलं होतं आणि पहिल्याच वर्षी चौदा प्रवेशिका आल्या होत्या. नावं बंद पाकिटांत ठेवलेली. समितीपुढे नुसते नंबर. बारा गळाले होते. उरले चार आणि अकरा.

चार नंबरचं काम संगणकावर छापलेलं, रंगीत आलेखांचं, देखणं. अकरा नंबर म्हणजे हातानं लिहिलेली एक वही. संस्थेचे चिटणीस श्रीनिवासराव चारच्या बाजूचे. दिवस संगणकाचे आले आहेत, पहिलंच पारितोषिक वहीला दिलं तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं.

अध्यक्ष सुब्रमण्यम मद्रासहून येत. मोठे प्राध्यापक. समितीतल्या तिसऱ्या, चंद्रमतीबाई, एकेकाळी त्यांच्याच विद्यार्थिनी. तीस वर्षं मुलींना गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण सरांपुढे अजून त्यांचा आवाज खाली येई. आधीच्या दोन बैठकांत त्या जवळजवळ गप्पच बसल्या होत्या.

वहीतला प्रश्न पाण्याचा होता. कालव्याला पाणी बेताचं असलं की एका वेळी एकच चारी, म्हणजे शेतांकडे जाणारा फाटा, सोडायची, मग दुसरी. पण पाळी कुणाला आधी द्यायची?

सुब्रमण्यमनी वही मिटली. "हे जुनंच आहे," ते म्हणाले. "ज्याचं काम लवकर उरकतं त्याला आधी सोडा, म्हणजे एकूण खोळंबा कमी होतो. हा नियम पाठ्यपुस्तकात आहे. नवं काही नसेल तर पारितोषिक कशाचं?"

श्रीनिवासरावांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. वही चंद्रमतीबाईंनी घरी तीनदा वाचली होती, आणि सतराव्या पानावर काय होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. आज आपण बोललो नाही तर पुन्हा बोलायला जागा उरणार नाही, हेही.

"सर, तो नियम इथे चुकतो," त्या म्हणाल्या.

सुब्रमण्यमनी चष्म्यावरून पाहिलं. बाई उठल्या, खडू घेतला आणि तो त्यांच्यापुढे धरला. "मी सांगते, मांडणी तुम्ही करा."

सर खडू घेऊन फळ्याकडे गेले. बाईंनी दोन चाऱ्या सांगितल्या. पहिली भरायला दोन दिवस लागतात, केव्हाही सोडा. दुसरीला तीन, पण तिचा तळ चिकणमातीचा आहे, कोरडी पडून राहिली की तडकते. जितके दिवस थांबवाल तितके दिवस तिला जास्त लागतात, कारण आधी पाणी मुरतं.

"पाठ्यपुस्तकाप्रमाणे छोटी आधी," सर पुटपुटले. दोन दिवस झाले. दुसरी दोन दिवस थांबली, म्हणजे तीन अधिक दोन. फळ्यावर सात आला. मग त्यांनी क्रम उलटा केला. तीन, आणि त्यावर दोन. पाच.

खडू फळ्यावरच थांबला. त्यांनी आकडे पुन्हा मोजले. मग स्वतःहून वही उघडून सतरावं पान काढलं आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. तिथे दोन चाऱ्या नव्हत्या, कितीही असल्या तरी चालणारा नियम होता, सिद्धतेसकट. बाई खुर्चीत जाऊन बसल्या. सर पाऊण तास वाचत राहिले.

"वाट पाहिली की काम वाढतं," शेवटी सर म्हणाले. "पहिली सात पानं वाचून मी निकाल दिला होता, मॅडम. माझं चुकलं."

श्रीनिवासरावांनी मग नियमावली काढली: काम प्रत्यक्ष वापरात आलेलं हवं. वहीला गेल्या हंगामाच्या पाळ्यांचा तक्ता जोडलेला होता. या नव्या क्रमानं शेवटच्या चारीला दरवर्षीपेक्षा नऊ दिवस आधी पाणी पोचलं होतं. त्यांनी तक्ता दोनदा पाहिला आणि आपण होऊन अकरा लिहिलं. तिघांची मतं एक झाली, तेव्हा पाकीट फोडलं. नाव होतं नित्या. पापनाशमच्या पाटबंधारे कचेरीत नकाशे काढणारी.

पत्र टपालानं धाडायचं ठरत होतं. बाई म्हणाल्या, मी नेते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या पापनाशमला गेल्या.

नित्या तिशीची होती, बोटांना शाई. पत्र वाचून ती तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, मग पत्राखालच्या सहीतलं बाईंचं मराठी आडनाव पाहून अडखळत घरच्या मराठीवर आली; तीही तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरांतलीच होती. "ते सतरावं पान... कुणी वाचलं का?"

"अध्यक्षांनी. उभ्यानं," बाई म्हणाल्या. "आणि चूक एकही सापडली नाही."

नित्यानं तोंडावर हात धरला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी पत्र मागून घेतलं, मोठ्यानं वाचलं, आणि सगळी कचेरी उठून टाळ्या वाजवू लागली. साहेबसुद्धा दारात येऊन उभे राहिले. चंद्रमतीबाईंना वाटलं, तीस वर्षांत फळ्यापुढे इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

टाळ्या ओसरल्यावर नित्यानं एक स्टूल पुढे सरकवलं. दोन चाऱ्या एकदम सोडल्या तर काय होतं, ते तिला अजून सुटत नव्हतं.

बाईंनी पदर खोचला आणि पेन्सिल मागितली.