नानांचा रेझिस्टन्स

गैरसमज व्हायला निदान एक कान चालू असावा लागतो, आणि नानांचा डावा कान अजून शाबूत होता. सर्जन पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून ज्युनियर डॉक्टरला म्हणाले, "रेझिस्टन्स फारच हाय आहे." तेवढं नानांनी अचूक टिपलं. डॉक्टरांची पाठ फिरताच त्यांनी शेजारच्या पलंगावर पाय टांगून पडलेल्या ट्रकवाल्याला हाक मारली.

"ऐकलंत? आमचा रेझिस्टन्स हाय निघाला! जन्मात कधी सर्दीची गोळी घेतली नाही, त्याचं फळ."

"आमचा कोणी तपासतसुद्धा नाही," ट्रकवाला हिरमुसून म्हणाला.

नानांची मुलगी तिथेच उभी होती. याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत ती जंतू वाढवायची, म्हणून सगळे तिला जंतूबाई म्हणत. नानांच्या मोडक्या मांडीत सळई घातली, जखम चिघळली, आणि त्यातला स्टॅफ नावाचा जंतू तिनेच काचेच्या बशीत वाढवला. बशीत औषधांच्या टिकल्या ठेवतात. जी लागू पडते तिच्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. इथे जंतू टिकल्यांना खेटून बसले होते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ऐसपैस. कडं एकाच टिकलीला होतं, आणि नेमकं तेच औषध नानांच्या मूत्रपिंडांना सोसेना.

रेझिस्टन्स तुमचा नाही, जंतूंचा, हे सांगायला ती वाकली. पण नाना इतके खुशीत होते, की तिने नुसतीच उशी सारखी केली.

स्टॅफमध्येही घराणी असतात. हे घराणं आलं कुठून, ते शोधायला वॉर्डातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घ्यायचं ठरलं, कारण स्टॅफला माणसाचं नाक फार मानवतं. तिथे तो बिनभाड्याचा राहतो आणि सहसा कुरकुरही करत नाही. कापसाची काडी घेऊन जंतूबाई फिरली.

"लोक नुसतं नाक खुपसतात," सिस्टर डोळे पुसत म्हणाली, "तू तर दुसऱ्याच्या नाकात खुपसतेस, बाई!"

शेवटी, कोणी बोट दाखवू नये म्हणून, तिने स्वतःच्याही नाकात काडी फिरवली.

निकाल आला तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्या तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. जरा खाली बघत होत्या.

"नानांच्या जखमेतलं घराणं आणखी एकाच नाकात सापडलं."

"माझ्याकडून गेलं त्यांना?"

"किंवा त्यांच्याकडून तुला. जनुकं घराणं सांगतात गं. कोण कोणाकडे आधी गेलं, ते नाही सांगत."

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार."

जंतूबाईला ती संध्याकाळ आठवली. नानांची पट्टी सुटली होती, सिस्टर कामात होती, म्हणून तिनेच दाबून बसवली. हात धुतले होते. धुतल्यावर त्याच हातांनी नाकावरचा मास्क वर सरकवला होता का, ते काही केल्या आठवेना.

मॅडमनी मलमाची ट्यूब पुढे केली. "नाकातला याने जाईल."

"आणि सळईवरचा?"

मॅडमनी ट्यूबचं बंद झाकण पुन्हा बंद केलं.

सर्जनचं म्हणणं, सळई काढायची. त्यानेही भागलं नाही, तर पाय. "तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात ते," सर्जन तिला म्हणाले.

गाऊन, हातमोजे, मास्क चढवून ती नानांसमोर उभी राहिली.

"नाना, सळई काढायचीय. जंतू बसलेत तिच्यावर. औषधाला दाद देत नाहीत. तो रेझिस्टन्स… त्यांचा आहे. कदाचित पायही…"

ट्रकवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. नानांनी चादरीखालचा पाय चाचपून बघितला.

"जंतूंचा होय," ते म्हणाले. "आणि माझा?"

त्याची टिकली प्रयोगशाळेत नव्हती.

"आले कुठून हे?"

"कळत नाही, नाना."

"बरं, राहू दे. तो मास्क काढ बघू जरा. नाक तरी दिसू दे. तेवढंच एक माझ्यावर गेलंय तुझं."

ती मागे सरकली, ट्रकवाल्याच्या पलंगाला टेकेपर्यंत.

"नको. सर्दी झालीय मला."

"मग गोळी घेऊ नकोस," नाना म्हणाले. "आपल्या घराण्यात कोणी घेत नाही."